घरातल्या चौघांनी फ्लूची लस एकाच दिवशी घ्यावी का?

प्रश्न : पुणेकर_आई

गेल्या वर्षी जूनमध्ये, पालखी पुण्यात येण्याच्या आदल्या आठवड्यात, आम्ही चौघांनी एकाच शनिवारी लस घेतली : मी, यजमान, पाच वर्षांची मुलगी आणि मधुमेह असलेल्या एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. रात्री मुलीला १०१ ताप आला, यजमान कणकण आली म्हणून पांघरूण घेऊन झोपले आणि माझा उजवा दंड इतका ठणकत होता की रविवारी पोळपाटाशी उभी राहिले, पण लाटणे काही फिरेना. सासूबाईंना मात्र काहीच झाले नाही. उलट “धडधाकट माणसांना आजार टोचून आणलात” हे त्यांनी दोनदा ऐकवले. सोमवारी सगळे ठीक झाले, तरी मुलीचा महिन्याने द्यायचा दुसरा डोस आम्ही भीतीने टाळला. या लशीने खरोखरच फ्लू होतो का, आणि यंदा नियोजन कसे करावे?

प्रतिसाद : निवृत्त_परिचारिका

टोचून देतात त्या लशीत विषाणू मारलेला असतो किंवा त्याचे केवळ अंश असतात, त्यामुळे तिच्यातून फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखणे, अंग मोडून येणे, थोडा ताप हा शरीराने घेतलेल्या दखलीचा भाग असून तो एक-दोन दिवसांत ओसरतो. संरक्षण तयार व्हायला मात्र सुमारे दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्यात दुसरीकडून संसर्ग झाला तर दोष लशीच्या माथी येतो.

मुलीचा दुसरा डोस टाळला, ही चूक झाली. नऊ वर्षांखालील ज्या मुलांचे आधी दोन डोस झालेले नाहीत, त्यांना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस देतात. म्हणजे यंदा तिला दोन्ही लागतील, असे धरून बालरोगतज्ज्ञांना विचारा. तापावर पॅरासिटामॉल वजनानुसार द्यावे, आणि बाटलीवरचे आकडे वाचल्याशिवाय चमचा भरू नये, कारण ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरपे घरोघरी शेजारी शेजारी असतात. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसा. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर तो साधा ताप नव्हे, तत्काळ डॉक्टरांना दाखवा.

प्रतिसाद : ठाणेकर

आम्ही दोन फेऱ्या करतो : आधी आई आणि मी, पुढच्या शनिवारी पत्नी आणि मुलगा, म्हणजे घरात कोणीतरी उभे असते. इंजेक्शन डाव्या दंडात घ्यायचे आणि हात जपून न ठेवता हलवत राहायचे. त्या रात्री मऊ भात, मेतकूट आणि तूप एवढाच बेत. दंड चोळू नका. आमच्या आईने प्रेमाने चोळून दिला आणि दुखणे एका दिवसाने वाढवले.

प्रतिसाद : टोरांटोवासी

आमच्याकडे लस ऑक्टोबरात मिळते, पण ते वेळापत्रक पुण्याला लावू नये. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते. जागतिक आरोग्य संघटना उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात लशीतले विषाणू सुचवते. म्हणून खोक्यावर कोणता गोलार्ध, कोणते वर्ष आणि मुदत कधीपर्यंत आहे, हे टोचण्यापूर्वी वाचून घ्या. मागे सुटीत आलो असताना एका दवाखान्यात मला गेल्या हंगामातली, मुदत संपत आलेली लस देऊ केली होती. विचारल्यावर नवी निघाली.

पुणेकर_आई

सर्वांची आभारी आहे. पहिल्या शनिवारी मुलगी आणि यजमान, दुसऱ्या शनिवारी सासूबाई आणि मी, असे ठरवले असून मुलीच्या दुसऱ्या डोसची तारीख आजच कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे. सासूबाईंनी ती वाचली आणि “माझीही लिहून ठेव, नाहीतर विसराल” असे म्हणाल्या.