पंधरा वर्षांचा मुलगा गप्प झालाय. वय म्हणून सोडून द्यायचं की डॉक्टरकडे न्यायचं?

काठावरचा_बाप:
मुलगा पंधराचा. पूर्वी घरात दुसऱ्या कुणाला बोलू द्यायचा नाही, आता काहीही विचारलं की 'काही नाही' नाहीतर 'ठीक'. दीड-दोन महिने हेच चाललंय. रडत वगैरे नाही. उलट चिडतो, दार आपटतो. रात्री उशिरापर्यंत जागा असतो आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी बाराशिवाय उठत नाही. हे सगळं मी वयावर ढकललं असतं. पण याला चित्रांचं वेड होतं, वहीचा समासही कोरा सुटायचा नाही. परवा धाकटीने रंगांचा डबा मागितला तर म्हणाला, 'घेऊन टाक, मला नकोय.' ते फार खटकलं.

बायको म्हणते होईल नीट. माझं मन मानत नाही. तो झोपल्यावर त्याचा फोन बघू का?

बिनधास्त_बाबा:
फार विचार करताय राव. फोन काढून घ्या, आठवड्यात ताळ्यावर येईल. आमच्या वेळी कुठे होतं डिप्रेशन?

शाळेतली_ताई:
तुमच्या वेळीही होतं, त्याला आळशी नाहीतर हट्टी म्हणायचे एवढंच. आणि या अवस्थेत फोन काढून घेतला तर मित्रांशी उरलेला धागाही तुटायचा.

मी शाळेत समुपदेशक आहे. झोपेबद्दल आधी सांगते, कारण पालक सर्वांत जास्त तिथेच भांडतात. वयात येताना शरीराचं घड्याळच दीड-दोन तास पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा तयार होतं. गरज मात्र रोज 8 ते 10 तासांची असते. शाळेसाठी लवकर उठावं लागतं, मग सुट्टीच्या दिवशी थकबाकी वसूल होते. नुसत्या बारा वाजेपर्यंतच्या झोपेने मी घाबरणार नाही.

चिडचिडीचं मात्र तसं नाही. नैराश्य म्हणजे उदास चेहरा आणि डोळ्यांत पाणी, असं आपण धरून चालतो. या वयात ते कित्येकदा चिडचिडीच्या रूपात येतं आणि निदानाच्या निकषांतही किशोरांसाठी चिडका मूड धरला जातो. जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे असं राहिलं आणि आवडीच्या गोष्टीही सुटल्या, तर तपासून घ्यायचंच. तुलना शेजारच्या मुलाशी नको, त्याच्याच सहा महिन्यांपूर्वीच्या वागण्याशी करा.

रंगांच्या डब्याबद्दल. कदाचित त्याला चित्रांचा कंटाळाही आला असेल. पण जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकणं आणि त्याच सुमारास एवढा बदल, हे आम्ही हसण्यावारी नेत नाही. म्हणून सरळ विचारा: 'कधी जगूच नये असं वाटतं का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल ही भीती जवळजवळ प्रत्येक पालक बोलून दाखवतो. संशोधनात तसं आढळलेलं नाही. उलट कुणीतरी विचारलं याने मुलं मोकळी होतात. उत्तर 'हो' आलं तर रागावू नका, भाषण देऊ नका, त्याला एकटं सोडू नका. घरातली औषधं, कीटकनाशकं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

समोर बसवून विचारू नका, त्याची उलटतपासणी होते. चालताना, भांडी घासताना, नजर भिडत नाही अशा वेळी विचारा. 'असा का वागतोस' नको. 'रंग देऊन टाकलेस ते पाहिलं, मला चुटपुट लागलीय' एवढं बोला आणि थांबा. या थांबण्यातच आईबापांची कसोटी लागते. मूल तोंड उघडणार, तेवढ्यात आपण उपाय सांगायला लागतो!

दोघींची_आई:
फोन चोरून बघू नका हो. पकडले गेलात तर नंतर तो काही सांगायचाच नाही. जिवाचा धोका दिसला तर बघावाच लागेल, पण त्याला सांगून. आणि एक, माझ्या थोरलीच्या वेळी डॉक्टरांनी आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायला लावलं. मरगळ त्यानेही येते. तिचं रक्त ठीक निघालं, मग पुढे थेरपी सुरू झाली.

काठावरचा_बाप:
सगळ्यांचे आभार. काल दोघंच चालायला गेलो होतो, तेव्हा विचारलं. जीभ जड झाली होती. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'मरावंसं नाही वाटत. पण कशातच मजा येत नाही.' डॉक्टरांचं नाव काढलं तर, 'मी काय वेडा आहे का?' आता?

शाळेतली_ताई:
बोलला ना! 'कशातच मजा येत नाही' हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, त्यांना त्यातून बरंच कळेल. एकदा 'नाही' म्हणाला म्हणून तो प्रश्न कायमचा मिटला असं धरू नका, मधूनमधून विचारत राहा.

मानसोपचारतज्ज्ञाच्या नावानेच बिचकत असेल तर नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करा. 'झोप लागत नाही, थकवा आहे, ते दाखवून येऊ' म्हणा. खोटंही नाही ते. आत त्याला एकट्याला बोलू द्या. जिवाला धोका असल्याशिवाय तिथलं बोलणं आपण खोदून विचारणार नाही, हे त्याला आधीच सांगा. बरीच मुलं एवढ्यावरच तयार होतात. तरीही नाहीच म्हणाला तर तुम्ही दोघं आधी जाऊन या, पालकांनी एकटं येण्यात काही वावगं नाही. आईलाही सोबत घ्या, नाहीतर घरात एक जण न्यायला आणि एक अडवायला असं होतं.

रात्री फोन खोलीबाहेर चार्जिंगला ठेवायचा असेल तर सगळ्यांचेच ठेवा, तुमचाही. वेळ मात्र आजच घेऊन टाका, चांगल्या ठिकाणी लवकर मिळत नाही.