विमा संपलेली गाडी आणि २,००० चं चलान: जास्त की कमी?

मुलुंडकर: बाबांची आठशे सीसीची जुनी गाडी महिनाभर ताडपत्रीखाली असते. परवा आईला डोळे दाखवायला सायनला नेलं आणि सिग्नलला हवालदाराने अडवलं. पॉलिसी संपून १९ दिवस झालेले. मोबाइलवर लगेच २,००० चं चलान! लायसन्स, पीयूसी, सीटबेल्ट, सगळं चोख. महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीला एवढा भुर्दंड? मला हा जाच वाटतो.

काळीपिवळी: स्वस्तात सुटलात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ मध्ये तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे, दुसऱ्यांदा सापडलात तर ४,०००. आणि गंमत बघा: २०२२ च्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याचा, वर्षाला २,०९४. दंडच हप्त्यापेक्षा कमी! लोक कशाला भरतील?

मुलुंडकर: म्हणजे दंड आणखी वाढवायचा? मी कोणाला धक्का तरी लावलाय का?

ताईवकील: लागला असता तर? अपघाताच्या भरपाईच्या केसेस करते, म्हणून हिशेब मांडते. समजा, गेलेला माणूस ३५ वर्षांचा, खाजगी नोकरी, महिना २५,०००, मागे बायको आणि मुलगी. वर्षाचे ३ लाख. पुढे पगार वाढला असता म्हणून ४० टक्के धरायचे, झाले ४ लाख २० हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, राहिले २ लाख ८० हजार. या वयाला १६ ने गुणायचं: ४४ लाख ८० हजार. वर अंत्यविधी वगैरेचे वेगळे. पॉलिसी असती तर कंपनीने भरले असते, नसेल तर मालकाने. बाबांच्या नावावर गाडी म्हणजे बाबांनी. मुलुंडचा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?

गिरगावचा_बाब्या: विकलेल्या गाड्यांचंही बघा रे. आरटीओत नाव बदललं नसेल तर जबाबदारी नोंदीतल्या मालकाचीच, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगून ठेवलंय. माझी स्कूटर विकून दोन वर्षं झाली, घेणारा फोन उचलत नाही. रात्री झोप लागत नाही बुवा.

काळीपिवळी: बाब्या, उद्याच आरटीओ गाठ.

मुलुंडकर: ताई, फ्लॅटही बाबांच्याच नावावर. काल रात्री अकरा वाजता पॉलिसी घेतली. पण माझा मुद्दा सोडलेला नाही: किलोमीटरप्रमाणे हप्ता स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला मिळतो, मग थर्ड पार्टीला का नाही?

ताईवकील: हा प्रश्न मात्र बरोबर आहे.