समुद्री सायनोबॅक्टेरिया: नवे जीव की नावांची फोडाफोड?

कातळखोबा:
कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटाजवळच्या 'लिंगब्या मॅजुस्क्युला' या सायनोबॅक्टेरियापासून (म्हणजे उन्हावर अन्न बनवणारे, शेवाळासारखे दिसणारे बॅक्टेरिया) १९९४ मध्ये क्युरासिन-ए मिळालं, पेशींचं विभाजन रोखणारं द्रव्य. २०१२ मध्ये हा जीव लिंगब्या या जीनसमधून (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट) काढून 'मूरिया' या नव्या जीनसमध्ये घातला. २०१९ मध्ये मूरियाची 'मूरेना' झाली. शेवाळ तेच, समुद्र तोच, पाट्या मात्र तीन. सूक्ष्मदर्शकाखाली फरक दिसत नसेल, तर नुसत्या जनुकांवरून नवा जीनस उभारू नये असं माझं मत आहे.

नीलहरित:
साफ असहमत. जाड आवरणातले लांब काळपट तंतू आणि आत चवल्यांच्या चळतीसारख्या चपट्या पेशी, एवढ्या वर्णनावर उष्ण किनाऱ्यांवरचं वाट्टेल ते लिंगब्यात ढकललं गेलं. बॅक्टेरियांची नाती ठरवायला वापरतात ते १६-एस आरआरएनए जनुक तपासलं तेव्हा यातले बरेचसे खऱ्या लिंगब्याचे जवळचे नातेवाईक निघाले नाहीत. प्रवाळाच्या आसऱ्याने राहायचं, कडक ऊन सोसायचं, म्हणून रूप सारखं झालं असेल; कूळ वेगळं. एकट्या 'लिंगब्या मॅजुस्क्युला'च्या खात्यावर शेकडो रसायनं कशी, याचं एक मोठं उत्तरही इथेच आहे: नाव एक, मालक अनेक. ओकेनिया (२०१३) आणि कॅल्डोरा (२०१५) हे जीनसही असल्याच गर्दीतून वेगळे काढलेत.

रेतीवाला:
मूरेना प्रकरणात विज्ञान बदललंच नव्हतं हो. 'मूरिया' हे नाव आधीच एका वनस्पतीला दिलेलं होतं आणि सायनोबॅक्टेरियांना वनस्पतींच्या नामकरणाचे नियम लागतात. म्हणजे जीव बॅक्टेरियाचा, कायदा झाडांचा!

कातळखोबा:
हाच तर घोळ. त्या कायद्यात वाळवलेला किंवा रसायनात टिकवलेला मृत नमुना चालतो. बॅक्टेरियाच्या संहितेत जिवंत संवर्ध (प्रयोगशाळेत वाढवलेला जीव) लागतो, तोही दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत. जिवंत नमुना नसेल तर पुढच्या माणसाने पडताळायचं कशावरून?

नीलहरित:
कधी वाढवून बघितलंत? तंतू रडतखडत वाढतात आणि आवरणावर इतर बॅक्टेरियांचं बिऱ्हाड असतं, ते हाकलता हाकलत नाही. शुद्ध संवर्धाचा हट्ट धरलात तर निम्मा समुद्र बेनामी राहील. मालवणच्या खडपावरून काही नवं निघालं आणि परदेशी संग्रहात ठेवायचं म्हटलं, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या परवानग्या आहेतच.

रेतीवाला:
+१

कातळखोबा:
औषधाला तरी नावाचं कुठे अडलं? डोलास्टॅटिन-१० हे पेशी मारणारं द्रव्य आधी सी हेअर या समुद्री गोगलगायीत सापडलं. त्याच्या धर्तीवरचा रेणू वापरणारं ब्रेंटक्सिमॅब व्हेडोटिन हे कर्करोगावरचं औषध २०११ ला अमेरिकेत मंजूरही झालं.

नीलहरित:
गोगलगायीतून मिळालं किती? नखभरसुद्धा नाही. २००१ मध्ये पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांच्या सायनोबॅक्टेरियातून ते थेट मिळालं, तेव्हा कळलं की गोगलगाय नुसती खाणारी. बनवणारा कोण हे ठाऊक नसेल, तर पुन्हा गोळा काय करणार? आणि औषध सोडा, हवाई-ओकिनावाकडे पोहणाऱ्यांच्या अंगावर चट्टे उठले तेही 'लिंगब्या मॅजुस्क्युला'मुळेच म्हणे. त्याच नावाच्या एका पट्ट्यात विष, दुसऱ्यात नाही. किनारा बंद करायचा की नाही, हे त्या नावावरून कसं ठरवणार?

कातळखोबा:
नावावरून नाहीच ठरवणार, पाण्यातलं विष मोजून ठरवेन. आणि जीनस पाडायचाच तर एकट्या १६-एसवर नको. जीनोम, रूप, रसायन, राहायची जागा, सगळं एकत्र मांडा. मूरियाच्या वेळी तसं केलं होतं म्हणून निदान वाद घालता येतो. हल्ली एकेका तंतूवर जीनस निघतात, माझा राग त्यांच्यावर आहे.