पेठेत मूळचे लोक जातायत आणि मुलं येतायत, याला जेंट्रिफिकेशन म्हणायचं का?

नारायणपेठी
मी पुण्यात नारायण पेठेत वाढलो, आता नोकरीमुळे बाणेरला असतो पण आईबाबा अजून तिथेच आहेत. त्यांच्या बिल्डिंगमध्ये दोनतीन कुटुंबं उरलीयेत, बाकी सगळे फ्लॅट कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एकेक कॉट भाड्याने, एमपीएससीची मुलं. खाली किराणा होता तिथे झेरॉक्स आणि मेस आलीये, गिरणी होती तिथे अभ्यासिका. शहर बदलतं यावर वाचायला गेलं की पहिला शब्द जेंट्रिफिकेशन. पण त्यात श्रीमंत येतात आणि गरिबांना जावं लागतं ना? इथे आलेली मुलं शेतकऱ्यांच्या घरची आणि गेलेले लोक स्वतःच फ्लॅट भाड्याने देऊन कोथरूडला, सिंहगड रोडला राहतायत. मग हे समजून घ्यायला नेमकं काय बघायचं? कुणी प्लॅनिंग किंवा समाजशास्त्र शिकलेलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

नकाशावही
तुमची शंका रास्त आहे. हा शब्द रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल वापरला. तिथे कामगारांच्या वस्त्यांत मध्यमवर्गीय लोक घरं घेऊन राहायला आले, घरं नीटनेटकी केली, किमती चढल्या आणि कामगारांना तिथे परवडेना. तुमच्या गल्लीत जे चाललंय ते शिकागोच्या अभ्यासकांनी १९२० च्या दशकात मांडलेल्या इन्व्हेजन-सक्सेशनच्या जास्त जवळ जातं, म्हणजे एका गटाच्या जागी दुसरा गट येतो, त्याच्या गरजेप्रमाणे दुकानं बदलतात आणि मग उरलेल्यांना रोजचं सामान आणायलाही लांब जावं लागतं म्हणून तेही निघतात. विद्यार्थ्यांमुळे असं झालं तर त्याला स्टुडंटिफिकेशन असाही शब्द आहे.

पण माझ्या मते सगळ्यात आधी भाड्याचा हिशोब बघा. एक मुलगा एका कॉटचे जे पैसे देतो ते कुटुंबाच्या भाड्यापुढे किरकोळ, पण एका टू बीएचकेत आठ कॉट टाकल्या की सगळ्यांचे मिळून जे होतात तेवढे देणं नोकरदार जोडप्याला जड जातं. म्हणजे एकेकटा बघितला तर गरीब असलेला भाडेकरू सगळे मिळून कुटुंबाला बाजारातून बाहेर काढतो, आणि तो फरक घरमालकाच्या खिशात जातो. म्हणून कोण आलं यापेक्षा जास्तीचे पैसे कुणाला मिळाले हे विचारलं की बरंच उलगडतं.

कसब्यातली_मीरा
वाड्यांचं पण लक्षात घ्या, तिथे गणित उलटं आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीला गोठवली, नंतर १९९९ चा कायदा आला त्यात वर्षाला ४ टक्के वाढ, पण मूळ आकडाच एवढासा की त्यातून कौलं पण बदलून होत नाहीत. मालक डागडुजी करत नाही, भाडेकरू म्हणतो मी का करू, वाडा खचतो, आणि खालच्या जमिनीची किंमत मात्र चढतच राहते. आज मिळणारं भाडं आणि त्याच जागेवर नवीन इमारत बांधली तर मिळू शकणारं भाडं यातल्या दरीला रेंट गॅप म्हणतात, नील स्मिथने १९७९ मध्ये मांडलं. दरी पुरेशी रुंद झाली की बिल्डर येतोच. आमच्या इथल्या एका वाड्यात हेच झालं, भाडेकरूंना नवीन इमारतीत जागा कबूल केली होती, काहींना मिळाली, आणि ज्यांच्याकडे जुन्या पावत्या नव्हत्या त्यांना घासाघीस करून थोडेफार पैसे घेऊन जावं लागलं. त्यात एक आजी होत्या, सगळं आयुष्य त्याच खोलीत गेलेलं. स्वखुशीने गेले असं म्हणताना हे लोक मोजायचे राहतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

परभणीचा_सागर
मी तुमच्याच पेठेत कॉटवर राहिलोय म्हणून लिहितो. कॉटखाली पेटी, भिंतीवर राज्यघटनेच्या कलमांचा तक्ता आणि गेटवर पाटी, मुलांनी जिन्यात बोलू नये. करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा ठरलेल्या मुदतीपुरती फक्त वापरायला, ११ महिन्यांचा, तोही बऱ्याचदा एकाच्याच नावावर. मतदान गावाकडं, रेशनकार्ड गावाकडं, त्यामुळं पाणी आलं नाही तरी नगरसेवकाकडं कोण जाणार? जागेवर हक्क किती दिवसांचा आहे ही पण संकल्पनाच आहे की, आणि माझ्या मते फार मोठी. तिथं किती दिवस राहणार हेच माहीत नसेल तर माणूस गल्लीसाठी भांडत नाही. आम्हाला शेजारी म्हणून कुणी धरलंच नाही दादा, पण मेसवाल्या काकूंचं घर आमच्यावरच चालायचं.

नकाशावही
सागर, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. अजून एक, सगळे बदल असे हळूहळू होत नाहीत. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधली असंख्य कुटुंबं एका दिवसात बेघर झाली, त्यांच्यासाठी लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. त्यामुळे पेठेतले मूळचे लोक म्हणताना कुठल्या सालापासूनचे तेही ठरवावं लागेल.

नारायणपेठी
सगळ्यांचे मनापासून आभार. भाड्याचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. रविवारी घरी जाणार आहे, जिन्याखालच्या लाईटच्या मीटरवर कुणाकुणाची नावं आहेत आणि आत राहतं कोण हे आईला बरोबर घेऊन लिहून काढतो. मेसवाल्यांशी पण बोलतो. सागर, मुलांशी बोलायचं तर कुठल्या वेळेला गेलेलं बरं?

परभणीचा_सागर
रात्री साडेनऊनंतर, जेवण करून चहाला खाली उतरतात तेव्हा. परीक्षेच्या आधीचा महिना सोडून कधीही जा.