बी.ए. फर्स्ट इयरला कॉम्प्युटरचा विषय. घरी मशीन नाही, सराव कसा करू?

वेचणीवाली_परभणी

नमस्कार मंडळी. मी परभणीच्या एका कॉलेजात बी.ए. प्रथम वर्षाला हाय. गाव मानवतच्या अलीकडं, रोज एसटीनं येणं-जाणं. यंदा आम्हाला मराठी, इतिहासासोबत कॉम्प्युटरचा पण विषय आलाय. लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही.

लेखीचं टेन्शन नाही. सर फळ्यावर लिहून देतात, आम्ही वहीत उतरवतो. संगणकाचा जनक चार्ल्स बॅबेज, १ बाईट म्हणजे ८ बिट, रॅम तात्पुरती, रॉम कायमची. पाठ होतंय ते. अडचण लॅबची हाय. एका मशीनसमोर तिघी. माऊस जिच्या हातात तिचं प्रॅक्टिकल, बाकीच्या दोघी "अगं तिथं नाही, वर दाब" करत बसायच्या. आमच्यातल्या एकीच्या भावाचं झेरॉक्सचं दुकान हाय, तिला सगळंच येतंय, तिला ऊठ म्हणायला जिवावर येतं. त्यात लाईट गेली की तास संपला. यूपीएस हायेत, पण बॅटऱ्या कधीच्याच मेल्यात.

फोनवर मी दोन अंगठ्यांनी भराभर लिहिते, मराठी पण. कीबोर्डवर मात्र एकेक अक्षर हुडकावं लागतं. ए, बी, सी, डी ओळीनं का नाहीत म्हणून विचारलं, तर सर म्हणले ते परीक्षेला येत नाही.

एक्सेलला सरांनी पगारपत्रक घेतलं. बेसिक, एचआरए, पीएफ. आमच्या घरात पगार कुणालाच नाही, म्हणून माझी पाळी आल्यावर मी वेचणीचा हिशेब टाकला. बायांची नावं, दिवसाचा कापूस, किलोला भाव. खान्यात "42 किलो", "38 किलो" असं लिहिलं आणि खाली बेरीज मारली, तर शून्य! फॉर्म्युला बरोबर होता, झेरॉक्सवालीनं पण बघितला. सर म्हणले पगारपत्रकच कर, तेच येणार हाय. शून्य कशामुळं आलं ते काही सांगितलं नाही.

घरी कॉम्प्युटर घेणं जमायचं नाही. आई म्हणते कापूस विकू दे मग बघू, आणि ते "मग बघू" मला लहानपणापासून माहीत हाय. फोनवर काही सराव होतो का? आणि हा पेपर निघाला तर एमएससीआयटी करायची गरज राहते का? चुलते म्हणतात दोन्ही एकच.

सेतूवाला_जिंतूर

ताई, आधी तुमच्या शून्याचं बघू. आकड्यासोबत "किलो" लिहिलं की एक्सेल त्या खान्याला मजकूर समजतं. बेरजेचा फॉर्म्युला मजकूर सोडून देतो आणि चूक पण दाखवत नाही, गुपचूप शून्य देतो. खान्यात नुसतं 42 लिहा, "किलो" वरच्या मथळ्यात. ओळखायची खूण सांगतो: आकडा आपोआप खान्याच्या उजव्या कडेला जातो, मजकूर डाव्या. तुमचे किलो डावीकडं चिकटलेले असणार.

भाव प्रत्येक ओळीत लिहू नका, वर एकाच खान्यात ठेवा. फॉर्म्युल्यात त्या खान्याचं नाव आलं की एफ४ दाबा, डॉलरच्या खुणा लागतील. मग फॉर्म्युला खाली कितीही ओढा, तो भावाचा खाना सोडत नाही. वेचणीचा भाव वाढला की एका जागी बदलायचा, सगळ्या बायांचे पैसे नव्यानं निघतात. पगारपत्रकातला महागाई भत्ता पण असाच करतात, म्हणजे सरांचं पण भागलं.

एक जादा सांगतो, कारण आमच्याकडं याच्यावरून रोज भांडणं. बँकेचा खातेनंबर १६ आकडी असला तर एक्सेल शेवटच्या आकड्याचं शून्य करून टाकतं, १५ च्या पुढं त्याला सांभाळता येत नाही. आधारचे १२ आकडे नुसते विचित्र दिसतात, आत शाबूत असतात. खातेनंबर मात्र आतूनच बिघडतो आणि पैसे अडकले की शेतकरी आमच्या नावानं शिमगा करतो. आधी तो रकाना टेक्स्ट करायचा, मग नंबर टाकायचे.

निवृत्त_टंकलेखक, अंबाजोगाई

बाळ, तुझ्या सरांनी टाळलेला प्रश्न चांगला होता. कीबोर्डवरच्या अक्षरांची ही मांडणी टाईपरायटरची आहे, १८७४ साली विक्रीला आलेल्या यंत्रापासून चालत आलेली. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो. डोळे मिटून दोन्ही तर्जन्या त्यावर ठेव, बाकीची बोटं आपोआप जागेवर बसतात. खाली बघायचं नाही. सुरुवातीला वेग कमी येईल, येऊ दे.

चुलत्यांना सांग, दोन्ही एक नाही. कॉलेजचा विषय तुझ्या गुणपत्रिकेत राहील, एमएससीआयटी हा २००१ पासूनचा वेगळा कोर्स आहे. नोकरीची जाहिरात येईल तेव्हा तिच्यात नेमकं काय मागितलंय ते शब्द न् शब्द वाचायचं. लिपिक-टंकलेखक व्हायचं मनात असेल तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट, हे टायपिंगचं प्रमाणपत्र आणखी निराळं.

आणि मराठी टाईप शिकशील तर युनिकोडमध्येच शीक, त्यात मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठतं. कृतिदेव नावाच्या जुन्या फॉन्टमध्ये "राम" लिहिलं की फाईलमध्ये जे, के, ई ही इंग्रजी अक्षरंच साठतात, वरून फक्त रूप मराठी. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की रामाचा पत्ता नाही.

थर्ड_इयर_नांदेड

अगं, फोनलाच कीबोर्ड लाव की! ओटीजी केबल मिळते, तिच्यात यूएसबीचा कीबोर्ड खोचायचा, बहुतेक अँड्रॉइड फोनवर लगेच चालतो. मी असंच केलं. जुना वापरलेला घे, स्वस्तात पडतो, फक्त जांभळ्या गोल पिनेचा घेऊ नकोस, तो फोनला लागत नाही. गुगल शीट्समध्ये वेचणीचा हिशेब चालू कर, बेरीज-गुणाकार एक्सेलसारखंच आहे.

आणि त्या झेरॉक्सवालीला ऊठ म्हणू नकोस. सरांनाच सांग, हजेरी नंबरानं माऊस फिरवा. नाही ऐकलं तर लॅबच्या मामांना मस्का लाव, मधल्या सुट्टीत मशीन रिकामी असतात. फाईल डेस्कटॉपवर ठेवून येऊ नको, पुढच्या तासाला सापडत नाही. स्वतःला मेल कर. लॅबच्या मशीनला पेनड्राईव्ह लावशील तर व्हायरसनं सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन घरी येतील.

वेचणीवाली_परभणी

दादा, खरंच डाव्या कडेलाच होते! आता फोनवर नुसते आकडे टाकले तर बेरीज आली. आईला दाखवली तर तिनं बोटावर मोजून बघितली, मग म्हणली यात उचल पण धरता येते का. बायांनी आधी घेतलेले पैसे वजा करायचेत.

ताई, ओटीजी केबल मानवतला मिळाली नाही, परभणीला बघते. फोनचं चार्जिंगचं तोंड जुन्या पद्धतीचं हाय, सी टाईप नाही. तरी चालतंय का?

थर्ड_इयर_नांदेड

चालतं, पण केबल त्याच तोंडाची माग. सगळ्याच जुन्या फोनला ओटीजी नसतं, म्हणून फोन सोबत ने आणि दुकानातच लावून बघ, मगच पैसे दे.

सेतूवाला_जिंतूर

उचलीसाठी वेगळा रकाना करा. किलो गुणिले भाव, वजा उचल.