गेमवाल्यांनी देव घेतले, नियती मात्र बाहेर ठेवली

खापरपणजोबा:
गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक हा व्हिडिओ गेम (२०२२ चा) परत एकदा संपवला आणि आता राहवत नाही म्हणून काडी टाकतोय. स्पॉयलर आहेत, आधीच सांगतो. माझं म्हणणं असं की गेमवाले ग्रीक आणि नॉर्स (म्हणजे उत्तर युरोपातल्या) पुराणांतून नावं घेतात, शस्त्रं घेतात, राक्षस घेतात आणि गोष्टीचा जीव तेवढा मागे ठेवतात. जीव म्हणजे काय तर जे ठरलंय ते चुकत नाही. ग्रीकांचा इडिपस ज्या भविष्याला घाबरून पळतो, पळता पळता तिथेच जाऊन पोचतो. नॉर्स तर त्याहून कडक, देवांचा राजा ओडिनला पक्कं माहितीये की फेनरिर लांडगा आपल्याला गिळणार, त्याचा मुलगा थॉर एका महासर्पाला मारणार आणि त्याच्या विषाने नऊ पावलं चालून पडणार, हे सगळं ठाऊक असून ती मंडळी लढायला उतरतात, त्यांचा मोठेपणा आहे तो यातच आहे. आणि गेममध्ये? नॉर्न म्हणजे नियती बघणाऱ्या बायका क्रेटोसला, म्हणजे ग्रीकांकडून नॉर्स देवांच्या मुलखात आलेल्या गेमच्या नायकाला, तोंडावर सांगतात की नशीब बिशीब काही नसतं, तुम्ही जसे वागता तसं होतं. मग भिंतीवरच्या भविष्याच्या चित्रात मरण रंगवलेलं असून क्रेटोस जगतो, थॉर सापाच्या विषाने न मरता बापाच्या हातून मरतो. कारण उघड आहे, पैसे मोजून घेतलेल्या गेममध्ये माणसाला हरवून कसं चालेल.

झोपमोड:
अरे स्पॉयलर!!

रात्रपाळी:
@झोपमोड ८०० वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या गोष्टीचा कसला स्पॉयलर राव

@खापरपणजोबा सपशेल असहमत. "मूळ गोष्ट" नावाची वस्तू कुठे ठेवलीये ते दाखवा आधी. इ.स.पू. ४३१ मध्ये युरिपिडीसने मिडियाचं नाटक केलं, त्यात ती स्वतःच्या पोरांना मारते, बऱ्याच अभ्यासकांच्या मते तो भाग त्यानेच घातलेला. हेराक्लीसला वेड लागून तो बायकापोरांना मारतो ते आधी की बारा पराक्रम आधी, तो क्रमसुद्धा याच माणसाने उलटा केला. आणि २००५ च्या पहिल्या गॉड ऑफ वॉरमध्ये युद्धदेव एरीस क्रेटोसला फसवून त्याच्याच हातून बायको आणि मुलगी मारवतो, ते सरळ हेराक्लीसवरून उचललंय, म्हणजे लिहिणाऱ्यांना पुराण कच्चं होतं असं अजिबात नाही.

नॉर्सचं तर बोलूच नका. आपल्याला जे माहितीये त्यातलं बरंचसं आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने साधारण १२२० च्या सुमारास लिहिलं, तो देश ख्रिश्चन होऊन दोनशे वर्षं झाल्यावर, आणि तो स्वतःही ख्रिश्चनच. त्याच्या प्रस्तावनेत थॉर कोण आहे माहितीये? ट्रॉयच्या प्रायम राजाच्या मुलीचा मुलगा! म्हणजे ग्रीक आणि नॉर्सची भेसळ स्नोरीनेच करून ठेवली होती, क्रेटोस तिकडे गेला म्हणून लोक उगाच बोंबलतात.

सुपारीफोड:
हसून हसून पुरेवाट, थॉर प्रायमचा नातू हे भारी आहे

ताकभात:
थॉरचा विषय निघालाच आहे तर, त्याचं पोट बघून केवढा गोंधळ घातला होता लोकांनी, देव असा सुटलेला कसा म्हणून. अहो त्या जुन्या काव्यात तो नवरीच्या वेषात राक्षसाच्या घरी जातो आणि लग्नाच्या पंगतीत एक अख्खा बैल, आठ सामन मासे आणि तीन पिंपं मध्वासव एकटा संपवतो, नवरदेव चाट पडतो. मग पोट सुटणार नाही तर काय. दाढीही लाल आहे गेममध्ये, पोथीत आहे तशीच. तो सोनेरी केसांचा सिक्सपॅकवाला कॉमिक्समधून आलाय.

खापरपणजोबा:
@रात्रपाळी तुम्ही जे खोडताय ते मी म्हटलंच नाही. बदललं म्हणून तक्रार नाहीये, बदल कुठल्या दिशेने झाला त्यावर आहे. युरिपिडीसने क्रम उलटा केला तो कशासाठी, सगळे पराक्रम करून, पाताळातून कुत्रा ओढून आणून माणूस घरी येतो आणि तेव्हा त्याच्यावर वेड कोसळतं, म्हणजे बदल करून त्याने गोष्ट आणखी असह्य केली. गेमवाले बदल करतात तेव्हा गोष्ट सुसह्य होते, दर वेळी.

पाताळयात्री:
दर वेळी? हेडीस (२०२०) खेळलात का? पाताळाचा राजा हेडीस, त्याचा मुलगा झॅग्रियस बापाच्या घरातून म्हणजे पाताळातून पळायला बघतो, मरतो, रक्ताच्या कुंडातून वर येतो, दारात बाप कागदं चाळत बसलेला, तो मान वर न करता एक टोमणा मारतो, की चालले परत. बरं एवढं करून बापाला हरवून वर पोचलात, आई पर्सेफोनी भेटली, दोन शब्द बोलणं झालं की हा पुन्हा मरतो, कारण पाताळात जन्मलेल्याला वर जगताच येत नाही. कितीही भारी खेळा, ते बदलत नाही. तुम्हाला जी नियती हवीये ती याहून वेगळी काय असते? ह्युगो पुरस्कार मिळालेला पहिला व्हिडिओ गेम आहे तो, उगीच नाही.

खापरपणजोबा:
खेळलोय आणि आवडलाय. पण त्याच गेममध्ये ट्रॉयच्या युद्धात मेलेल्या अकिलीस आणि पॅट्रोक्लसची भेट तुम्हीच घडवून देता, ताटातूट झालेल्या ऑर्फियस आणि युरिडिसीचं जुळवून देता, कायम दगड डोंगरावर ढकलायची सिसिफसची शिक्षा माफ करून देता आणि तो तर त्या दगडाला लाडाचं नाव ठेवून मजेत बसलेला. होमरच्या ओडिसी महाकाव्यातला अकिलीस पाताळात म्हणतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरीब कुळाच्या शेतावर गडी म्हणून राबलेलं पत्करलं. आणि हा? हा तुम्हाला भाला शिकवतो आणि आणून दिलेलं अमृत पितो. सगळ्या शोकांतिका मिटवायचं समुपदेशन केंद्र काढलंय तिथे.

पाताळयात्री:
मेल्यावर तरी मिटू दे की बाबा, काय जातं तुमचं

दुपारचीबस:
मला यातलं नशीब वगैरे फार कळत नाही पण असॅसिन्स क्रीड ओडिसी या गेमची (२०१८) डिस्कव्हरी टूर मात्र जरूर बघा, पुढच्या वर्षी आली ती, मारामारी काढून टाकलेली. अथेन्समध्ये नुसतं भटकायचं. पुतळे रंगवलेले आहेत, पांढरेफटक नाहीत, त्या काळी असायचे तसे. माझा भाचा अॅक्रोपोलिसवर अर्धा तास नुसता चढउतर करत होता, ते काही वाया गेलं असं मला वाटत नाही.

मिरचीठेचा:
सगळे मुख्य प्रश्न टाळताय. ग्रीक आणि नॉर्सच का? कारण कोणी भांडायला येत नाही! गॉड ऑफ वॉरच्या २०१० च्या तिसऱ्या भागात क्रेटोस हेलिओसचं मुंडकं हाताने उपटतो आणि पुढे गेमभर टॉर्च म्हणून वापरतो, सूर्यदेव आहे तो, एक बस तरी फुटली का कुठे? स्माइट गेममध्ये काली घेतली तेव्हा २०१२ मध्ये लगेच निषेध सुरू झाला होता अमेरिकेत. आणि आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीचा राजी हा गेम (२०२०) बघा, दुर्गा आणि विष्णू वरून गोष्ट सांगतात, वरदान देतात, राजी लढते ती असुरांशी. देवावर हात उचलायचा प्रश्नच नाही.

रात्रपाळी:
"कोणी येत नाही" हे नॉर्सबद्दल तरी अर्धंच खरं. आइसलँडमध्ये आसात्रू पंथाला १९७३ मध्ये सरकारी मान्यता मिळालीये, ओडिन थॉरला मानणारी जिवंत माणसं आहेत. ती गेमवर चिडत नाहीत हा त्यांचा मोठेपणा म्हणा.

मिरचीठेचा:
किंवा संख्या कमी आहे म्हणा.

सावकाश_वाचते:
धागाकर्ते, हेलब्लेड गेम (२०१७) कसा विसरलात? सेनुआ मेलेल्या प्रियकराला परत मागायला हेलहाइममध्ये, म्हणजे नॉर्स मृतलोकात, जाते. शेवटच्या लढाईत शत्रू संपतच नाहीत, तुम्ही मारत राहता आणि ते येतच राहतात, गेम पुढे सरकतो तो तुम्ही तिला पडू दिलंत की मगच. हरणं हीच चावी आहे तिथे. मला ते कळायला वेळ लागला, बोटं दुखायला लागली होती. आणि तो परत मिळत नाही तो नाहीच.

खापरपणजोबा:
हेलब्लेड मान्य, पूर्ण मान्य. पण तो छोट्या टीमचा गेम, म्हणून हरायची मुभा मिळाली. मोठ्या बजेटचा एक दाखवा.

रात्रपाळी:
मोठ्या बजेटचा? पहिलाच गॉड ऑफ वॉर! क्रेटोस देवांची सगळी कामं करतो, एरीसला मारतो, बदल्यात एवढंच मागतो की बायको-मुलगी मारल्याची ती रात्र आठवणीतून पुसा. अथेना देवी म्हणते पाप माफ, आठवण राहणार. तो कड्यावरून उडी टाकतो तर मरूही देत नाहीत, उचलून एरीसच्या सिंहासनावर बसवतात. याहून ग्रीक काय हवं?

खापरपणजोबा:
बरोबर. आणि दोनच वर्षांनी, २००७ च्या दुसऱ्या भागात, तोच क्रेटोस तिन्ही नियतीदेवींना एकेक करून ठार मारतो आणि काळ मागे फिरवतो. नियतीचीच बॉस फाइट (म्हणजे बड्या शत्रूशी लढाई) करून टाकली, आता बोला.

सुपारीफोड:
हे वर धाग्यातच लिहायचं ना राव, एवढी भांडणं कशाला केली