रूसोची 'जनरल विल' मराठीत काय म्हणायची?

शेवगा: दिवाळी अंकासाठी फ्रेंच राज्यक्रांतीवरचा एक लेख मराठीत करतेय. १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या सहाव्या कलमाशी गाडी अडली. कायदा म्हणजे 'व्होलाँते जेनेराल'ची (इंग्रजीत 'जनरल विल') अभिव्यक्ती, असं ते कलम. मी 'लोकेच्छा' लिहिलं, संपादकांना आवडलंही. पण दोन परिच्छेदांनी अठराव्या शतकातला विचारवंत रूसो येतो आणि म्हणतो, सगळ्यांची इच्छा वेगळी आणि ही वेगळी. मग लोकेच्छा नक्की कुठली?

मास्तरीण: आम्ही बी.ए.ला 'जनईहा' शिकलो, पुढे मी तेच शिकवलं. ईहेत नुसती इच्छा नाही, धडपडही आहे. ईह् धातूतच ती आहे.

तिरकस: जनईहा जनालाच कळत नसेल तर ती कुणाची, बाई? 'सामूहिक इच्छा' म्हणा आणि मोकळे व्हा.

खारीबिस्कीट: सामूहिकने घोळ होईल. आमच्या सोसायटीत प्रत्येकाला गाडी दुसऱ्याच्या खिडकीखाली लावायची असते. ही सगळ्यांची इच्छा, अगदी एकमताने. आगीचा बंब आत यायला वाट मोकळी हवी, ही दुसरी. ती ठरावात कधी येतच नाही. रूसोच्या 'सामाजिक करार' पुस्तकाच्या दुसऱ्या भागातलं तिसरं प्रकरण काढून बघा, खाजगी हितांची नुसती बेरीज तो बाजूला काढतो. 'सर्वसाधारण सभा' चालते, तर 'सर्वसाधारण इच्छा' का नको?

शेवगा: कारण वाचकाला वाटेल, बहुतेकांना साधारण काय वाटतं ते.

जुनाखांब: सगळे रूसोपाशीच का थांबलात? शब्द मूळचा धर्मशास्त्रातला. देवाला सगळ्या माणसांचा उद्धार करायचाय की निवडकांचा, यावर सतराव्या शतकात फ्रान्समध्ये रण माजलं होतं. पास्कल, मालब्रांश या तिथल्या विचारवंतांकडे ही 'जेनेराल' इच्छा देवाची. राजकीय विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ मध्ये ती राज्यसंस्थेला लावली. १७५५ मध्ये फ्रेंच विश्वकोशाच्या पाचव्या खंडात त्याचा संपादक दिदरो आणि रूसो दोघांनीही वापरली. 'सामाजिक करार' त्यानंतरचा, १७६२ चा. यात 'जन' आला कुठून? 'जनरल'मधला तर नाही ना उचललात? माझं मत 'समष्टीची इच्छा'. करारातून एक 'सामायिक मी' जन्मतो असं रूसोच म्हणतो.

मास्तरीण: समष्टी म्हटलं की मागोमाग वेदान्त येतो. रूसोचा शंकराचार्य करू नका हो.

तिरकस: शंकराचार्यांनी कुणाला 'स्वतंत्र व्हायला भाग पाडू' असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. रूसोने म्हटलंय, त्याच पुस्तकाच्या पहिल्या भागाच्या सातव्या प्रकरणात. पुढे क्रांतीतल्या दहशतीचा म्होरक्या रोबेस्पिएर रूसोचाच भक्त निघाला. म्हणून म्हणतो, शब्द फार भारदस्त नको. भारदस्त शब्दांच्या आडून काहीही खपवता येतं.

जुनाखांब: शब्द हलका केला म्हणून विचार हलका होत नाही.

बदलापूरकर: एवढं कशाला? सरळ 'जनरल विल' लिहा. जनरल डबा कळतो, हेही कळेल.

खारीबिस्कीट: 'विल' वाचून लोक विचारतील, फ्लॅट कुणाच्या नावावर केला?

मास्तरीण: विलला मराठीत मृत्युपत्र म्हणतात.

जुनाखांब: इच्छापत्र. माणूस ते जिवंतपणी लिहितो.

तिरकस: इच्छापत्र हा हळव्या लोकांचा शब्द. मृत्यूशिवाय ते लागू तरी होतं का? सगळीकडे साखर पेरायची हौस.

बदलापूरकर: हळवे म्हणा नाहीतर काही. आमचे काका मृत्युपत्र म्हटल्यावर पेनला हात लावेनात. 'इच्छापत्र आहे' म्हटल्यावर चष्मा मागवला, दोनदा वाचलं आणि सही ठोकली.

मास्तरीण: काकांची समजूत काढणं वेगळं आणि परिभाषा वेगळी.

शेवगा: मंडळी, शुक्रवारी पानं छपाईला जातायत. समष्टी की जनईहा?

खारीबिस्कीट: बदलापूरकर, काकांच्या त्या कागदाची नोंदणी केलीत का? सक्ती नसते, पण पुढे भाऊबंदकी निघाली तर बरी पडते.

बदलापूरकर: नाही केली अजून. साक्षीदार दोन आहेत. त्यातला एक घरचाच चालतो का?